डिफेन्समनच्या करारावर वाद घालायचा तर

डार्नेल नर्स चांगला डिफेन्समन आहे का, या प्रश्नावर एडमंटनमध्ये कुणाशीही तासभर भांडता येतं, आणि शेवटी दोघंही होते तिथेच राहतात. त्याला वर्षाला ९२ लाख ५० हजार डॉलर द्यावेत का, आणि ते देताना दुसरं कोण हातचं सुटतं, असं विचारलं की मात्र वादाला जोर येतो.

मी एडमंटन ऑयलर्सची. माझे धाकटे दीर टोरोंटोला राहतात आणि तिथल्या मेपल लीफ्सचे कट्टर, लीफ्सवाले आहेत. पगारपत्रकं करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमध्ये, करार जाहीर झाला की मी आधी आकडेमोड करते आणि मग मत देते. भाऊजींशी वर्षानुवर्षं वाद घालून त्याची एक पद्धत बसली आहे. तीच इथे लिहिते आहे. बर्फावरच्या हॉकीत नवीन असलेल्यांनाही ती वापरता येईल.

आधी चौकट. बर्फावर एका वेळी गोली, म्हणजे गोलरक्षक, सोडून पाच जण असतात, तीन आक्रमणाचे फॉरवर्ड आणि दोन बचावाचे डिफेन्समन. मॅचला सहा डिफेन्समन उतरतात, म्हणजे तीन जोड्या. संघात जास्तीत जास्त २३ जण ठेवता येतात, त्यात डिफेन्समन सहसा सात किंवा आठ. २००४-०५ चा अख्खा हंगाम लॉकआऊटमध्ये बुडाला आणि त्यानंतर सॅलरी कॅप आली, म्हणजे संघाने खेळाडूंवर करायच्या एकूण खर्चाची मर्यादा. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख. दंड भरून मर्यादा ओलांडायची सोय एनएचएलमध्ये नाही. आणि सगळे करार अमेरिकन डॉलरमध्ये, कॅनडातल्या संघांचेसुद्धा.

कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं म्हणजे कॅप हिट. नर्सचा करार आठ वर्षांचा, ७ कोटी ४० लाखांचा. त्याच्या खात्यात कुठल्या वर्षी किती जमा होतात हे मालकाने बघावं. कॅपच्या हिशोबात दर वर्षी ९२ लाख ५० हजारच धरले जातात.

डॉलर नको, टक्के बोला

वादात पहिलं काम हे. कुणीही डॉलरमध्ये बोलायला लागलं की त्यांना टक्क्यांवर आणायचं, कारण दोन वेगवेगळ्या वर्षांतले डॉलर एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नसतो.

२०२५ च्या जूनअखेर इव्हान बुशार्डने ऑयलर्सशी चार वर्षांचा करार केला, वर्षाला १ कोटी ५ लाख. भाऊजींचा लगेच फोन: "वहिनी, केल मकारला कोलोरॅडो ९० लाख देतं आणि तुम्ही बुशार्डला त्याच्याहून १५ लाख जास्त?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण मकारने २०२१ च्या जुलैत सही केली तेव्हा कॅप होती ८ कोटी १५ लाख. ९० लाख म्हणजे तिचे ११ टक्के. बुशार्डचा करार सुरू झाला तेव्हा कॅप ९ कोटी ५५ लाख, आणि १ कोटी ५ लाख म्हणजे तिचेही ११ टक्केच, किंबहुना केसभर कमी. संघाच्या खर्चाच्या ताकदीतला वाटा दोघांचा सारखाच आहे.

म्हणून कोलोरॅडोचा सौदा ऑयलर्सच्या सौद्याइतकाच ठरतो असं नाही. मकार बुशार्डपेक्षा सरस डिफेन्समन आहे, हे मी ऑयलर्सची असूनही म्हणते. शिवाय कोलोरॅडोला सहा वर्षं मिळाली, आम्हाला चारच. भाऊजींना भांडायचं असेल तर त्यांनी या चार वर्षांवर भांडावं, तिथे त्यांची बाजू भक्कम आहे. १५ लाखांवर भांडलात तर पाच मिनिटांत हरता.

नर्सलाही हाच नियम लावा. त्याचा करार २०२२-२३ ला सुरू झाला. कॅप ८ कोटी २५ लाख होती आणि त्याचा वाटा ११.२ टक्के. २०२५-२६ ला तोच वाटा ९.७ टक्के झाला. लीगने आधीच जाहीर केलेले पुढचे आकडे आहेत २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाख. ते धरले तर २०२७-२८ ला नर्सचा वाटा साधारण ८.१ टक्क्यांवर येतो. "कॅप वाढते आहे, कशाला काळजी?" म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथवर खरा आहे. आता त्याची दुसरी बाजू. २०१९-२० पासून सलग तीन हंगाम कॅप ८ कोटी १५ लाखांवर गोठली होती, कारण साथीत उत्पन्नच आटलं. वाढ गृहीत धरून ज्यांनी आधीची वर्षं उधळली, त्यांना त्या तीन वर्षांत चांगली माणसं काढून टाकावी लागली.

त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण डिफेन्समधलंच आहे. न्यूयॉर्क आयलँडर्सची कॅप तुंबली होती म्हणून २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी डेव्हन टेव्जला कोलोरॅडोला देऊन टाकलं. बदल्यात काय, तर दुसऱ्या फेरीच्या दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले दोन हक्क. कोलोरॅडोने त्याला चार वर्षांसाठी ४१ लाखांवर बांधलं, मकारच्या जोडीला उभं केलं, आणि २०२२ ला स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं. टेव्ज आणि मकार दोघं मिळून १ कोटी ३१ लाख! अशी पहिली जोडी त्या किमतीत पुन्हा कुणाला मिळेल असं मला वाटत नाही.

वय आणि वर्षं एकत्र वाचा

किती पैसे, याइतकंच किती वर्षं हे महत्त्वाचं, आणि ती वर्षं खेळाडूच्या आयुष्यातली कुठली हे त्याहून महत्त्वाचं. २०२४ च्या उन्हाळ्याने यावर वाद घालायला एक नामी जोडी दिली. १ जुलैला, म्हणजे मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो त्या दिवशी, लीफ्सनी क्रिस टॅनेव्हला सहा वर्षांसाठी ४५ लाखांवर घेतलं. तो तेव्हा ३४ वर्षांचा होता. ऑगस्टमध्ये सेंट लुईस ब्लूजने आमच्या २३ वर्षांच्या फिलिप ब्रोबर्गला दोन वर्षांसाठी ४५ लाख ८० हजारांची ऑफर दिली. उन्हाळा तोच, पैसेही जवळपास तेवढेच, कॅपचे पाच टक्क्यांच्या आसपास. सौदे मात्र एकमेकांपासून फार लांबचे.

टॅनेव्ह त्या दिवशी लीगमधल्या उत्तम बचाव करणाऱ्या डिफेन्समनपैकी एक होता. अंग झोकून शॉट अडवणारा, पेनल्टी किलमध्ये, म्हणजे शिक्षेमुळे आपला माणूस कमी असताना, पहिल्यांदा उतरणारा, उजव्या हाताचा. त्याची किंमत एका वर्षासाठी ४५ लाखांपेक्षा नक्कीच जास्त होती. लीफ्सनी वर्षं वाढवून वार्षिक आकडा खाली आणला. करार संपेल तेव्हा तो चाळिशीत असेल, आणि शेवटची दोन-तीन वर्षं तो खेळेल असं कुणीच धरून चाललेलं नाही. यातली मेख अशी की पस्तिशीनंतर केलेल्या करारांना कडक नियम लागतात, त्याने सही त्याआधी केली. मध्येच निवृत्त झाला तर त्याची कॅप हिट निघून जाते.

भाऊजींना हा करार आवडतो. मला निम्मा आवडतो. पहिल्या दोन वर्षांसाठी मी त्यांच्या बाजूने वाद घालेन. पण शॉट अडवून अडवून झिजलेल्या शरीरावर सहा वर्षांची पैज लावायची, तर तो जखमी होऊन बाहेर बसलेला असतानाही त्याची जागा भरण्याची तयारी हवी, आणि ती तयारी म्हणजेही पैसेच.

मोठ्या वयाचे मोठे करार एकापेक्षा जास्त झाले की काय होतं ते सॅन होजेला बघा. २०१९-२० ला एरिक कार्लसन १ कोटी १५ लाख, ब्रेंट बर्न्स ८० लाख, मार्क-एदुआर व्लासिक ७० लाख. तीन डिफेन्समनवर २ कोटी ६५ लाख, कॅपच्या जवळपास एक तृतीयांश. कार्लसन हंगामाच्या सुरुवातीला २९ वर्षांचा, बाकीचे दोघं तिशी ओलांडलेले. आदल्या वर्षी हाच संघ कॉन्फरन्स फायनल, म्हणजे उपांत्य फेरी, खेळला होता. त्या वर्षी तो प्लेऑफलाही, म्हणजे बाद फेऱ्यांनाही, पोचला नाही. व्लासिकचा करार शेवटी २०२५ ला बायआऊट करावा, म्हणजे पैसे देऊन मोडावा लागला. तिघांपैकी कुठल्याही एका करारावर सही झाली त्या दिवशी त्याची बाजू मांडता आली असती. तिघांची बेरीज कुणीही मांडू शकलं नसतं. म्हणून माझा आग्रह असतो की एकट्या कराराची चर्चा करायचीच नाही, कागदावर सगळ्या सात-आठ डिफेन्समनची बेरीज लिहायची. सगळ्या डिफेन्सला मिळून कॅपचा तिसरा हिस्सा, हा माझा स्वतःचा अंदाजपट्टा. त्याच्या फार वर गेलात तर फॉरवर्डमध्ये कुठे तरी भोक पडणारच.

तो करतो काय, ते आधी ठरवा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. डिफेन्समनचं काम डोळ्यांना पटकन दिसत नाही. गोल दिसतो. गोल झाला नाही तो का झाला नाही, हे शोधावं लागतं.

मॅच बघताना पकवरून, म्हणजे खेळायच्या चकतीवरून, नजर काढा आणि एकाच डिफेन्समनवर एक पिरियड ठेवा. समोरच्यांनी पक कोपऱ्यात मारला की तो पाठ फिरवून धावतो, तेव्हा खांद्यावरून मागे बघतो का? पक हाती आल्यावर पहिला पास जोडीदाराच्या स्टिकवर जातो, की काचेवर आदळून बाहेर? समोरचा फॉरवर्ड वेगाने येत असताना तो आपल्या हद्दीच्या निळ्या रेषेवरच उभा राहून आडवा येतो, की मागे सरकत सरकत गोलीच्या मांडीवर जाऊन बसतो? या तीन गोष्टी बघितल्या तर महिन्याभरात तुमचं मत टीव्हीवरच्या निम्म्या तज्ज्ञांपेक्षा पक्कं होईल.

मग आकडे घ्या. प्लस-मायनस मात्र घेऊ नका. तो बर्फावर असताना झालेल्या गोलांची ती ढोबळ बेरीज-वजाबाकी आहे, आणि त्यात गोलीचा दिवस चांगला होता की वाईट हेच जास्त दिसतं. पॉइंटही, म्हणजे गोल आणि गोलाला लावलेले पास, जपून घ्या. बुशार्डने २०२३-२४ ला ८२ पॉइंट मिळवले. पण कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल यांच्या पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरच्यांचा माणूस कमी असताना, पाठीमागे उभं राहणारा कुणीही काही पॉइंट गोळा करेलच. त्याचा खरा युक्तिवाद पाच-विरुद्ध-पाचमध्ये आहे. तो बर्फावर असताना शॉटमधला संघाचा वाटा किती, अपेक्षित गोलांमधला (शॉटच्या दर्जावरून काढलेल्या गोलांमधला) किती, हे बघा. तिथे तो उत्तम आहे, आणि म्हणूनच मी त्या ११ टक्क्यांच्या बाजूने उभी राहते.

आता जोडीदार. हा प्रश्न विचारल्याशिवाय डिफेन्समनवरचा कुठलाही वाद पुरा होत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीअखेर ऑयलर्सनी नॅशव्हिलकडून मटियास एकहोमला आणलं आणि त्याला बुशार्डच्या डाव्या बाजूला ठेवलं. बुशार्डचा खेळ त्यानंतर फुलला, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. मग त्याची किंमत एकहोम शेजारी असतानाची धरायची की नसतानाची? दोघं एकत्र असताना काय होतं, प्रत्येक जण दुसऱ्याशिवाय खेळला तेव्हा काय झालं, हे वेगवेगळं काढून बघा. हे आकडे उघड मिळतात. नवीन संघ खेळाडूला विकत घेतो तेव्हा त्याचा जुना जोडीदार सोबत येत नाही, आणि १ जुलैचे बरेच पस्तावे इथूनच येतात.

तसंच त्याची शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरायची एक पाळी, कुठे सुरू होते ते बघा. जो कायम आपल्या गोलपुढच्या फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ सुरू होतो तिथे, पाठवला जातो आणि समोरच्यांच्या पहिल्या लाइनशी, म्हणजे सर्वोत्तम फॉरवर्डच्या फळीशी, भिडतो, त्याचे आकडे थोडे पडके असणारच. तिसऱ्या जोडीत सोपी मिनिटं खेळून देखणे आकडे काढणाऱ्याला पहिल्या जोडीचे पैसे द्यायची घाई करू नये.

उजव्या हाताचे डिफेन्समन लीगमध्ये कमी, त्यामुळे त्यांना थोडं जास्त मिळतं. हा जादा दर खरा आहे, त्यावर वेळ घालवू नका.

पैसे कुठून आले, ते विचारा

ब्रोबर्गची गोष्ट आता पूर्ण सांगते, कारण एडमंटनमध्ये ती अजून दुखते. जुन्या संघाचा हक्क शिल्लक असलेल्या खेळाडूला दुसरा संघ करार देऊ करतो, त्याला ऑफर शीट म्हणतात. जुन्या संघाला सात दिवस मिळतात. तेवढेच पैसे द्या, नाहीतर ठरलेले ड्राफ्ट पिक घेऊन माणूस सोडा. १३ ऑगस्ट २०२४ ला ब्लूजने एकाच दिवशी ब्रोबर्ग आणि फॉरवर्ड डिलन हॉलोवे या दोघांना ऑफर शीट दिल्या. ब्रोबर्गचा आकडा होता ४५ लाख ८० हजार ९१७ डॉलर, कारण त्या वर्षी तेवढ्यापर्यंत बदल्यात फक्त दुसऱ्या फेरीचं पिक द्यावं लागत होतं. एक डॉलर वर गेला असता तर पहिल्या फेरीचं आणि तिसऱ्या फेरीचं. हॉलोवेचा २२ लाख ९० हजार ४५७ हा आकडाही तसाच तिसऱ्या फेरीच्या रेषेवर टेकवलेला. नियमाप्रमाणे पिक स्वतःचंच लागतं, म्हणून ब्लूजने आपलं दुसऱ्या फेरीचं पिक आधी पिट्सबर्गकडून परत मिळवून ठेवलं होतं. इतकी नेटकी तयारी बघून मला राग आला आणि आदरही वाटला.

ऑयलर्सनी दोघांनाही जाऊ दिलं.

इथे लोक वाद घालतात की ब्रोबर्ग ४५ लाखांच्या लायकीचा होता का. त्या दिवशी कदाचित नव्हता. पण हे पैसे ऑगस्टमध्ये संपले नव्हते. ते १ जुलैलाच संपले होते. त्या दिवशी ऑयलर्सनी जेफ स्किनरला ३० लाखांवर आणि व्हिक्टर आर्व्हिडसनला ४० लाखांवर घेतलं, दोघंही तिशी पार केलेले फॉरवर्ड. त्यामुळे ब्रोबर्ग आणि हॉलोवे यांच्यासाठी कॅपमध्ये आरामाची जागा उरली नाही, आणि ही बाब ब्लूजला दिसली. तेव्हा खरी तुलना ब्रोबर्ग विरुद्ध दुसऱ्या फेरीचं पिक अशी नव्हती. ती स्किनर-आर्व्हिडसन विरुद्ध ब्रोबर्ग-हॉलोवे अशी होती. हॉलोवेने पुढच्याच हंगामात सेंट लुईससाठी ६३ पॉइंट काढले. माझ्या मते दोघांनाही ठेवायला हवं होतं, आणि ब्रोबर्गला तर नक्कीच. ज्या संघात दोन डिफेन्समन मिळून दोन कोटींच्या आसपास घेतात, तिथे तरुण आणि स्वस्त तिसरा-चौथा डिफेन्समन हीच श्रीमंती असते.

कुठल्याही कराराला हे लावून बघा. "हा करार झाला नसता तर ते पैसे कुणाला गेले असते?" समोरच्याकडून नाव घ्या. नाव देता आलं नाही तर त्याचा आक्षेप हवेत आहे. फ्लोरिडा पँथर्सने गुस्ताव फोर्सलिंगला २०२१ च्या जानेवारीत वेव्हर्सवरून उचललं, म्हणजे कॅरोलिनाने मोकळा सोडलेला खेळाडू बदल्यात काहीही न देता घेतला. तो त्यांच्या २०२४ आणि २०२५ या दोन्ही कपांचा कणा ठरला. असे शोध लागतात, पण "असा कुणी तरी मिळेल" हे वादात उत्तर म्हणून मी मान्य करत नाही.

बाहेर पडायची वाट

करार फसला तर काय, हे सहीच्या दिवशीच तपासा. मार्ग चार आहेत आणि एकही फुकट नाही.

बायआऊटमध्ये उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे, तेही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात पसरून. खेळाडू २६ च्या आतला असेल तर एक तृतीयांश. साइनिंग बोनस मात्र पूर्ण द्यावा लागतो, म्हणून ज्या करारात पगारापेक्षा बोनस जास्त तो करार बायआऊट करून फारसं काही वाचत नाही. मिनेसोटाने २०१२ च्या ४ जुलैला रायन सूटर आणि झॅक पारिझे यांना प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाखांचे करार दिले आणि २०२१ ला दोघांनाही बायआऊट केलं. २०२३-२४ ला त्यांच्या कॅपमधले १ कोटी ४७ लाख, म्हणजे साडेसतरा टक्क्यांहून जास्त, संघात नसलेल्या दोन माणसांवर गेले. पुढच्या वर्षीही तेवढेच. निम्मा वाटा सूटरचा, आणि तो तेव्हा दुसरीकडे खेळत होता.

व्हँकुव्हर आणि ऑलिव्हर एकमन-लार्सनचं उदाहरण तर भाऊजींच्या आवडीचं. व्हँकुव्हरने त्याला २०२३ ला बायआऊट केलं. तो एका वर्षासाठी २२ लाख ५० हजारांवर फ्लोरिडाला गेला, कप जिंकला, आणि मग लीफ्सनी त्याला चार वर्षांसाठी ३५ लाखांवर घेतलं. २०२५-२६ ला त्याचा व्हँकुव्हरच्या कॅपवरचा बोजा ४७ लाखांहून जास्त आहे. ज्या संघात तो खेळतो त्या टोरोंटोपेक्षाही जास्त! त्या बोजाची शेपूट २०३०-३१ पर्यंत जाते.

दुसरा मार्ग ट्रेड करताना, म्हणजे खेळाडू दुसऱ्या संघाला देताना, पगाराचा काही भाग स्वतःकडे ठेवण्याचा, जास्तीत जास्त निम्मा, आणि एका वेळी तीनच करारांवर. शिकागोने सेथ जोन्सला फ्लोरिडाला पाठवताना ९५ लाखांतले २५ लाख २०२९-३० पर्यंत स्वतःच्या माथी घेतले. विकत घेणाऱ्यासाठी मात्र हा मार्ग सोन्याचा. लीफ्सनी २०२३ ला शिकागोकडूनच जेक मकेबला निम्म्या पगारावर, म्हणजे २० लाखांवर आणलं. माझ्या मते लीफ्सच्या डिफेन्समधला हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात चांगला सौदा.

तिसरा मार्ग खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवण्याचा. त्याने २०२५-२६ ला जेमतेम ११ लाख ५० हजारांची जागा मोकळी होते, बाकी कॅपवरच राहते. चौथा लांबच्या दुखापतीच्या यादीचा, एलटीआयआरचा. त्यावर खूप आरडाओरडा होतो. पूर्वी प्लेऑफमध्ये कॅप लागूच नव्हती, त्यामुळे हंगामभर यादीत असलेला तारा प्लेऑफला परतायचा आणि संघाची बेरीज मर्यादेच्या बरीच वर जायची. २०२५-२६ पासून प्लेऑफच्या मॅचला उतरणाऱ्या संघाचीही बेरीज कॅपच्या आत हवी. त्यामुळे या विषयावरचे जुने वाद आता तसेच वापरू नका.

करारात ट्रेडला नकार देण्याचा हक्क आहे का, आणि कुठल्या वर्षापर्यंत, हेही नक्की बघा. तो असेल तर दुसरा मार्ग खेळाडूच्या संमतीवर अडतो.

कराचा मुद्दा निघेल तेव्हा

निघतोच. ॲरन एकब्लॅडने २०२५ ला फ्लोरिडात आठ वर्षांसाठी ६१ लाखांवर सही केली तेव्हा भाऊजी दोन दिवस कराशिवाय दुसरं बोलत नव्हते. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसी या राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि तेवढ्याच हातात येणाऱ्या पैशांसाठी टोरोंटोला जास्त मोजावे लागतात, हे खरं आहे. पण बाहेरच्या मॅचच्या कमाईवर त्या-त्या ठिकाणचा कर लागतो, म्हणून फरक लोक सांगतात तेवढा नसतो. आणि कर फ्लोरिडात पूर्वीही नव्हता. तरीही १९९६ नंतर प्लेऑफची एक मालिका जिंकायला पँथर्सना २०२२ उजाडलं. एवढं सांगितलं की तो मुद्दा त्याच्या योग्य आकारावर येतो.

एक बारीक गोष्ट, जी फार थोडे जण वापरतात. कॅप रोज मोजली जाते. हंगामभर १० लाखांची जागा रिकामी ठेवली, तर पाचवा हिस्सा हंगाम उरलेला असताना ५० लाखांच्या कॅप हिटचा डिफेन्समन घेता येतो. एलटीआयआर वापरणाऱ्या संघाला अशी बचत साठवता येत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये कुणी "एवढी जागा रिकामी कशाला ठेवली?" म्हणालं तर उत्तर मार्चच्या ट्रेड डेडलाइनला, म्हणजे ट्रेडच्या शेवटच्या तारखेला, आहे.

सरावासाठी मकारकडे परत या. त्याचा ९० लाखांचा करार २०२६-२७ ला संपतो आणि पुढचा २०२७-२८ ला सुरू होतो. जाहीर झालेली त्या वर्षीची कॅप ११ कोटी ३५ लाख, म्हणजे मागच्या सहीच्या वेळचेच ११ टक्के धरले तरी १ कोटी २५ लाखांच्या जवळ जातात. एका खेळाडूला कॅपचे जास्तीत जास्त २० टक्के देता येतात, ती वरची हद्द. २०२६ च्या सप्टेंबरपासून लागू होणाऱ्या लीग आणि खेळाडू यांच्यातल्या नव्या सामूहिक करारात स्वतःच्या खेळाडूला आठऐवजी जास्तीत जास्त सात वर्षं, दुसऱ्याच्या खेळाडूला सहा. सही करताना त्याचं वय २७ की २८, जोडीला टेव्ज ७२ लाख ५० हजारांवर, तोही तिशी ओलांडलेला. कागद घ्या, कोलोरॅडोच्या डिफेन्सची बेरीज मांडा, आणि किती टक्के, किती वर्षं ते लिहून तारीख घाला. माझं उत्तर १३ टक्के, सात वर्षं. भाऊजींचं १५.